उभ्या फ्रीझरच्या दरवाजाचे तुटलेले हँडल : दुरुस्तीच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

फ्रीझरच्या दरवाजाचे हँडल आज खालच्या टोकाशी तुटून सुटे झाले. हे हँडल उभे, सुमारे ३२ सेंटीमीटर लांबीचे आणि पांढऱ्या प्लास्टिकचे आहे. दोन्ही टोकांना दरवाजापासून चार सेंटीमीटर पुढे येणारे दोन पाय आहेत आणि प्रत्येक पाय दोन एम५ (५ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूंनी दरवाजातील धातूच्या पट्टीला जखडलेला आहे. वरचा पाय वरवर शाबूत दिसतो. खालच्या पायाचा तळ मात्र स्क्रूंसह दरवाजावरच राहिला आहे आणि बाकीचे हँडल हातात आले आहे.

तुटलेले पृष्ठभाग पुसण्याआधी भिंगातून पाहिले, कारण अशा पृष्ठभागावर तुटण्याचा इतिहास बराचसा वाचता येतो आणि तो एकदा घासला गेला की परत मिळत नाही. पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग गुळगुळीत आणि मळकट तपकिरी आहे, तर उरलेला भाग खडबडीत आणि ताजा पांढरा आहे. मळकट भागात भेग फार पूर्वीच पडली होती, तिच्यात तेलकट ओल शिरत होती आणि प्रत्येक ओढीबरोबर ती थोडीथोडी पुढे सरकत होती. आज तुटला तो फक्त पांढरा भाग. भेगेचे मूळ पायाच्या आतल्या कोपऱ्यात आहे, जिथे उभी भिंत आणि तळ एकमेकांना अगदी काटकोनात मिळतात. साच्यात या कोपऱ्याला एक-दोन मिलिमीटरची गोलाई दिली असती, तर तिथे एकवटणारा ताण बराच कमी झाला असता. याच जागी वरच्या पायातही केसाएवढी पांढरी रेघ दिसते, त्यामुळे तो पायही दुरुस्तीत घ्यावा लागेल.

हँडलवर बरीच वर्षे मऊ कापडी आवरण होते. त्याखालचे प्लास्टिक चिकट आणि निस्तेज झाले आहे. एबीएस जातीचे प्लास्टिक ताणाखाली असताना त्यावर तेल किंवा स्निग्ध पदार्थ सतत राहिले, तर ते एरवी सहज सोसले असते अशा भारालाही भेगाळते. आवरण टाकून दिले आहे आणि ते पुन्हा बसवायचे नाही.

९ फेब्रुवारी २०२५

दुरुस्ती किती मजबूत हवी हे ठरवण्यासाठी दरवाजा उघडायला प्रत्यक्षात किती बळ लागते ते मोजले. काच उचलण्यासाठी वापरतात तशी रबरी चूषणपकड दरवाजावर हँडलच्या मध्याच्या उंचीवर लावली आणि तिला ताणकाटा अडकवून सावकाश ओढले. हीच पकड सध्या हँडलचे कामही करत आहे.

बराच वेळ बंद असलेला दरवाजा सुमारे ३.५ किलोच्या ओढीला उघडतो. हे बळ मुख्यतः गॅस्केटमधील, म्हणजे दरवाजाच्या कडेने बसवलेल्या लवचिक झालरीतील, चुंबकी पट्टीचे आहे. दरवाजा उघडून, क्षणभर तसाच ठेवून, बंद करून २० सेकंदांनी पुन्हा ओढला, तर मात्र काटा ११.५ किलोपर्यंत जातो. तीन मिनिटे थांबल्यास तो पुन्हा पाचच्या आसपास येतो. हँडल मोडले ते या दुसऱ्या ओढीने, आणि हँडलचा आराखडाही तिलाच धरून करायला हवा, असे माझे मत या आकड्यांवरून झाले आहे.

कारण सरळ आहे. दरवाजा उघडताच आतली थंड, जड हवा खालून बाहेर वाहते आणि तिच्या जागी खोलीतली उबदार हवा आत येते. दरवाजा बंद झाल्यावर ही हवा झपाट्याने थंड होते आणि तिचा दाब उतरतो. आत शिरलेली हवा २८ अंश सेल्सिअसवरून उणे १८ अंशांपर्यंत थंड झाली आणि दरम्यान बाहेरून जराही हवा आत आली नाही असे धरले, तर निरपेक्ष तापमान ३०१ केल्विनवरून २५५ केल्विनवर येईल आणि दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटेल. ०.५५ मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच दरवाजावर एवढ्या फरकाचा भार एक टनाहून अधिक होतो, म्हणजे दरवाजा कोणालाच उघडता येणार नाही. प्रत्यक्षात गॅस्केटच्या कडेने हवा झिरपत राहते, म्हणून तसे होत नाही. मोजलेल्या आकड्यांवरून उलट हिशेब केला, तर चुंबकाचे बळ वजा जाता हँडलपाशी आठ किलो उरतात. दाबाचा एकूण भार दरवाजाच्या मध्यावर आणि हँडल बिजागरीपासून त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर असल्यामुळे मध्यावरचा भार सुमारे १६ किलो, म्हणजेच दाबाचा फरक २२० पास्कलच्या आसपास येतो. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत हा फरक जेमतेम ०.२ टक्के आहे, पण हँडल मोडायला तेवढा पुरला. काही मोठ्या फ्रीझरांना हा दाब सम करणारी छोटी झडप असते. या फ्रीझरला ती नाही.

इथे एक जुनी गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पूर्वीच्या रेफ्रिजरेटरांना हँडलबरोबर खटक्याची कडी असे आणि ती आतून उघडत नसे. टाकून दिलेल्या रेफ्रिजरेटरांत लपलेली मुले गुदमरून दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला. त्याखालील मानक १९५८ पासून लागू झाले आणि त्यानुसार घरगुती रेफ्रिजरेटरचा दरवाजा आतून १५ पौंड, म्हणजे सुमारे ६.८ किलो, इतक्या बळाने उघडलाच पाहिजे. कडी गेली, चुंबकी गॅस्केट रूढ झाले आणि हँडलकडे केवळ ओढण्याचे काम उरले. काम सोपे झाल्यामुळे हँडलही हलक्या प्लास्टिकचे करणे परवडू लागले असावे, असा माझा तर्क आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

पर्यायांचा विचार केला. या मॉडेलचे मूळ हँडल आता बनत नाही. मिळणाऱ्या सर्वसाधारण हँडलांच्या छिद्रांमधील अंतर वेगळे आहे, त्यामुळे ते बसवायचे तर दरवाजाला नवी छिद्रे पाडावी लागतील. तसे करायचे नाही असे ठरवले आहे. दरवाजाचा पत्रा पातळ असून त्यामागे पॉलियुरेथेनचा फोम भरलेला आहे. त्या फोमला स्क्रू धरून ठेवण्याची ताकद नसते आणि छिद्रातून दमट हवा आत गेली, तर फोममध्ये ओल साठत जाते. फ्रीझरच्या बाजूच्या भिंतींना तर कधीच ड्रिल लावू नये, कारण अनेक रचनांमध्ये कंडेन्सरची, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी, नळी पत्र्याला आतून चिकटवलेली असते. या यंत्राच्या मागील पट्टीवर आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा शीतक लिहिलेला आहे आणि तो ज्वलनशील आहे.

तुटलेले तुकडे केवळ चिकटवून भागणार नाही. झटपट चिकटणारा सुपरग्लू कडक आणि ठिसूळ असतो. सरळ ताण तो बऱ्यापैकी सोसतो, पण सोलल्यासारखी ओढ आणि धक्का त्याला झेपत नाही, आणि हँडलच्या पायाशी नेमके तेच दोन्ही असतात. गरम गोंदाच्या कांड्या या कामात मी विचारातही घेत नाही.

म्हणून असे ठरवले की प्लास्टिक जोडायचे ते आकार टिकवण्यापुरते, आणि भार वाहण्याचे काम आत बसवलेल्या लोखंडी पट्टीकडे सोपवायचे. हँडल मागच्या बाजूने पोकळ आहे, हे सुदैव. प्रत्येक टोकाला २० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी दोन ठिकाणी काटकोनात वाकवून बसवायची. तिचा एक भाग स्क्रूंखाली दरवाजाला टेकेल, मधला भाग पायाच्या पोकळीतून पुढे येईल आणि तिसरा भाग हँडलच्या दांड्यात सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जाईल. ओढ दांड्यातून पट्टीत आणि पट्टीतून थेट स्क्रूंमध्ये जाईल, आणि ज्या कोपऱ्यातून भेग सुरू झाली त्या कोपऱ्यावर भार उरणार नाही.

१५ फेब्रुवारी २०२५

प्लास्टिक कोणते आहे याची खात्री केली. हँडलच्या मागे साच्यातच उमटवलेली एबीएसची खूण आहे. तरीही एक चुरा पाण्यात टाकून पाहिला आणि तो बुडाला. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते आणि त्याला इपॉक्सीही (लोखंडी पट्ट्या हँडलमध्ये बसवण्यासाठी वापरायचा, दोन भाग मिसळून होणारा गोंद) नीट धरत नाही, तेव्हा ही क्षणभराची चाचणी पुढचे श्रम वाया जाण्यापासून वाचवते. दुसरा चुरा अॅसिटोनच्या थेंबात ठेवला, तो मऊ होऊन विरघळू लागला.

तुकडे कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवले. जुन्या भेगेत मुरलेले तेल केवळ धुऊन निघत नाही, म्हणून मळकट भाग १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून ताजे प्लास्टिक उघडे केले. ताजा पांढरा भाग मात्र घासला नाही, कारण तुकडे एकमेकांत नेमके बसण्यासाठी त्या खडबडीतपणाचाच आधार असतो.

हँडलच्या आतील, न दिसणाऱ्या एका फासळीचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून घट्ट लेप केला. तो दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावून तुकडे जुळवले आणि पट्टीने बांधून ठेवले. वरच्या पायातील रेघेवरही तोच लेप आतून दिला. लेप जाड देण्याचा मोह टाळावा, कारण जाड थरात अडकलेले अॅसिटोन बाहेर पडायला फार वेळ घेते आणि तोवर सांधा मऊ राहतो. अॅसिटोनच्या वाफा उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकतात, म्हणून हे काम फ्रीझरपासून आणि कोणत्याही ठिणगीपासून दूर, उघड्या हवेत केले. सांधा पुढचा आठवडा तसाच वाळू द्यायचा आहे.

१९ फेब्रुवारी २०२५

सांधा वाळेपर्यंत गॅस्केटकडे लक्ष दिले. बिजागरीच्या बाजूला गॅस्केटच्या घड्यांमध्ये चिकट थर साचला होता. तो सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने काढला आणि कागदाची पट्टी दरवाजात अडकवून चारही बाजूंनी पकड तपासली. खालच्या कोपऱ्यात कागद सैल सुटत होता. तिथे गॅस्केट दबून आत वळले होते. केस वाळवण्याच्या यंत्राने त्याला बेताची ऊब दिली, बोटांनी मूळ आकारात आणले आणि दरवाजा बंद करून तसेच निवू दिले. आता तिथेही कागद धरला जातो.

त्यानंतरची मोजमापे मात्र विचार करायला लावणारी आली. पहिली ओढ ३.५ किलोवरून २.८ वर उतरली, कारण चिकटपणा गेला. दुसरी ओढ उलट ११.५ वरून १२.५ वर चढली. खालच्या कोपऱ्यातून जी हवा झिरपून दाब सम करत होती, तिची वाट आता बंद झाली आहे. गॅस्केट जितके चांगले, तितकी दुसरी ओढ जड. गळके गॅस्केट ठेवून हँडल वाचवण्यात अर्थ नाही, कारण त्याच फटीतून दमट हवा आत जाऊन बर्फ साचतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. तेव्हा हँडलनेच १२.५ किलो सोसले पाहिजेत.

भार एकदम पडला, तर त्याने निर्माण होणारा ताण सावकाश दिलेल्या तेवढ्याच भाराच्या दुप्पट असतो, हा यंत्रशास्त्राचा जुना नियम आहे. हिसका देऊन ओढणाऱ्याचा हात धरून २५ किलो होतात. चाचणीसाठी ३० किलो हा आकडा ठरवला.

२२ फेब्रुवारी २०२५

पट्ट्या तयार केल्या. साधे लोखंड निवडले, कारण ३ मिलिमीटर जाडीची पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून हातोडीने थंड अवस्थेतच वाकवता येते. कडक प्रतीचे अॅल्युमिनियम अशा तीव्र वळणावर बाहेरून तडकते. स्टेनलेस स्टील उत्तम ठरले असते, पण ते वाकवताना परत उलटते आणि दोन वळणांमधले अंतर अचूक साधणे अवघड जाते. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना करून तो पायाच्या पोकळीत बसवून पाहिला आणि त्यावरून वळणांच्या रेघा आखल्या.

स्क्रूंची छिद्रे ५.५ मिलिमीटरची पाडली, म्हणजे बसवताना थोडी हालचाल करता येईल. हँडलच्या दांड्यात जाणाऱ्या भागाला आडव्या खाचा कानशीने मारल्या आणि मध्ये तीन लहान छिद्रे पाडली, जेणेकरून इपॉक्सी आरपार जाऊन पट्टीला दोन्ही अंगांनी धरेल. कडा गोल केल्या. पट्टीची तीक्ष्ण कड प्लास्टिकला टेकली असती, तर नव्या भेगेची सुरुवात तिथूनच झाली असती. शेवटी दमट हवेतील गंज टाळण्यासाठी स्क्रूंखाली राहणाऱ्या भागाला प्रायमर दिला आणि इपॉक्सीत बुडणारा भाग मुद्दाम उघडा ठेवला. रंगावर बसलेल्या इपॉक्सीची पकड, रंग लोखंडाला जितका धरतो, त्याहून अधिक होऊ शकत नाही.

दरवाजाच्या दुसऱ्या बाजूला, दरवाजाची दिशा बदलायची झाल्यास वापरता यावीत म्हणून, हँडलची छिद्रे टोप्यांनी झाकलेली आहेत. त्यातली एक टोपी काढून आतली धातूची पट्टी किती खोल आहे आणि स्क्रू किती आटे घेतो ते पाहिले. पट्टीची ३ मिलिमीटर जाडी वाढल्यामुळे जुने स्क्रू आखूड पडत होते, म्हणून त्यांच्यापेक्षा ४ मिलिमीटर लांब स्टेनलेस स्क्रू घेतले.

२३ फेब्रुवारी २०२५

इपॉक्सी भरली. पाच मिनिटांत घट्ट होणारी नव्हे, तर पूर्ण कडक व्हायला २४ तास घेणारी प्रत वापरली. तिची ताकद अधिक असते आणि पट्टी जागेवर सरकवायला पुरेसा वेळ मिळतो. पोकळीचा आतला भाग पॉलिश पेपरने खरवडला, धूळ पुसली, अॅसिटोनचा वास पूर्ण गेल्याची खात्री केली आणि दोन्ही भाग समप्रमाणात, रंग एकसारखा होईपर्यंत ढवळले. आधी पोकळीत थोडी इपॉक्सी, मग पट्टी, मग वरून उरलेली, या क्रमाने हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

दोन्ही पट्ट्यांचे तळ एकाच पातळीत असणे इथे सर्वांत महत्त्वाचे होते. ते एक मिलिमीटरने जरी वरखाली राहिले, तरी स्क्रू आवळताना हँडल पिळले जाईल आणि कोणी न ओढताही त्यात कायमचा ताण राहील. म्हणून जाड प्लायवूडच्या फळीवर दरवाजावरच्या अंतरानेच छिद्रे पाडली, मध्ये प्लास्टिकचा कागद घातला आणि हँडल त्या फळीला स्क्रूंनी हलकेच बांधून इपॉक्सी वाळू दिली. खोली उबदार ठेवली, कारण थंडीत इपॉक्सी फार सावकाश घट्ट होते. फ्रीझरच्या दरवाजावर बसवूनच ती वाळवणे एवढ्यासाठीही टाळले.

१ मार्च २०२५

भारचाचणी घेतली. हँडल बसवलेली तीच फळी दोन भक्कम टेबलांवर उलटी ठेवली आणि हँडलच्या मध्याला रुंद पट्ट्याने पाण्याचे डबे टांगले. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो, त्यामुळे भार हळूहळू वाढवणे सोपे जाते. १० आणि २० लिटरला दांडा किंचित वाकला. ३० लिटरला मध्यभाग सुमारे ३ मिलिमीटर खाली आला आणि तासभर तसाच राहिला. डबे काढल्यावर तो पूर्ण मूळ जागी परतला. प्लास्टिक सतत भाराखाली सावकाश ताणले जाते, म्हणून तासभराची ही वाट पाहणे आवश्यक वाटले.

त्यानंतर पट्टा खालच्या पायाजवळ सरकवून २० लिटर टांगले, कारण बहुतेक लोक हँडल मध्यावर धरत नाहीत, जिथे हात सहज पोहोचतो तिथे धरतात, आणि तेव्हा जवळजवळ सगळा भार एकाच पायावर येतो. कोपऱ्यात कुठेही पांढरेपणा उमटला नाही. एबीएस तुटण्याआधी ताणाच्या जागी पांढरे पडते, ही त्याची सोय आहे. भिंगाने पाहणाऱ्याला ते आधीच सूचना देते.

२ मार्च २०२५

हँडल दरवाजावर बसवले. चारही स्क्रू आधी बोटांनी दोन-तीन आटे घेईपर्यंत फिरवले आणि मग थोडेथोडे, आळीपाळीने आवळले. एक टोक पूर्ण आवळून मग दुसरे बसवल्यास उरलेली सगळी चूक दुसऱ्या टोकाच्या प्लास्टिकवर येते.

स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आटे जखडणारे द्रव वापरण्याची सवय अनेकांना असते. इथे ते जाणूनबुजून टाळले. ही द्रवे धातूच्या सांध्यांसाठी उत्तम, पण एबीएसवर सांडली तर त्यालाच भेगाळतात. त्याऐवजी स्प्रिंग वॉशर घातले. पट्टी आणि दरवाजाचा रंग यांच्यामध्ये पातळ नायलॉनचा तुकडा ठेवला आहे, म्हणजे रंग खरवडून पत्रा गंजणार नाही.

जोडाची रेघ जवळून पाहिल्यास दिसते. ती बारीक पॉलिश पेपरने सपाट केली, पण रंग दिला नाही. पुढे तिथे काही हालचाल झाली तर ती रंगाखाली दडून राहू नये.

६ एप्रिल २०२५

तपासणी केली. पहिली ओढ २.८, दुसरी १२.५, म्हणजे गॅस्केट जसेच्या तसे आहे. खालचे दोन्ही स्क्रू जागेवर आहेत. वरचा एक स्क्रू पाव फेरा आवळला गेला, बहुधा नायलॉनचा तुकडा थोडा दबल्यामुळे. तो दबून स्थिर होईपर्यंत असे एकदा होणे अपेक्षितच होते. जोडाच्या रेघेवर किंवा आतल्या कोपऱ्यांत पांढरेपणा नाही. हँडल साबणपाण्याने पुसून कोरडे केले. दरवाजा बंद केल्यावर लगेच पुन्हा उघडायचा झाल्यास मिनिटभर थांबावे, अशी चिठ्ठी हँडलच्या वर लावली आहे, आणि ती पाळली जात नाही हेही दिसत आहे.